हिशेब मागणारा थकबाकीदार नसतो

‘सही केली होती ना? मग भरा.’ जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कर्जाबद्दल काहीही विचारलं तरी बहुतेक वेळा हेच उत्तर मिळतं. व्याज कोणत्या दराने लावलं, विम्याचे पैसे कधी कापले, दंड कशाचा, खात्याचा उतारा का देत नाही, प्रश्न कोणताही असो. पतसंस्थेच्या खिडकीवर हे उत्तर मिळतं, फायनान्स कंपनीच्या बायकांच्या गटाच्या बैठकीत, म्हणजे सेंटर मीटिंगमध्ये मिळतं, ट्रॅक्टर ओढून न्यायला आलेल्या पोरांकडूनही मिळतं.

शिकलेली, जबाबदार माणसं हेच जरा सौम्य शब्दांत सांगतात. त्यांचं म्हणणं असं: गावातल्या लोकांना हक्कांची भाषा शिकवली की वसुली थांबते, वसुली थांबली की संस्था बुडते आणि संस्था बुडाली की ठेवीदार रस्त्यावर येतो. तेव्हा कर्जदाराच्या हक्कांचा गाजावाजा करू नये, त्याला आधी आर्थिक शिस्त शिकवावी. वार्षिक सभांमध्ये अशा भाषणाला टाळ्याही पडतात. हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. हिशेब मागणं वेगळं आणि कर्ज बुडवणं वेगळं. या दोन गोष्टी एक करणारा माणूस कर्जदारावर अन्याय करतोच, ठेवीदाराचंही भलं करत नाही.

आधी सहीचं बघू. सही हा शेवटचा शब्द असतो असं मानणाऱ्यांनी याच मुलखाचा इतिहास वाचायला हवा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात जांभोरी नावाचं गाव आहे. तिथल्या होन्या भागोजी केंगले या महादेव कोळी माणसाने १८७३च्या सुमारास टोळी उभी केली आणि सावकारांवर हल्ले सुरू केले. होन्या भुकेकंगाल नव्हता, बऱ्या स्थितीतल्या, वजनदार घरातला होता. त्याच्या टोळीने सावकार लुटले, काहींची नाकं कापली. १८७६ साली तो पकडला गेला. त्या हिंसेचं समर्थन मी करत नाही. पण ती कशातून आली हे त्या वेळच्या सरकारलाही झाकता आलं नाही. १८७४च्या अखेरीस शेजारच्या शिरूर तालुक्यात करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. दंगेखोरांनी माणसांवर फारसा हात उचलला नाही. त्यांना हवी होती कर्जखतं आणि हुकूमनामे. ती हाती लागली की ते जाळून टाकत. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यात काय लिहिलंय ते आपल्याला कधी कोणी वाचून दाखवलं नाही, तो कागद त्यांचा शत्रू होता.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कर्ज-निवारणाचा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याचा गाभा एवढाच होता की न्यायाधीशाने खतावरची सही पाहून थांबायचं नाही. खताच्या मागे जायचं. पहिली रक्कम केव्हा दिली, किती फिटली, व्याज मुद्दलात कधी मिळवलं, हा सगळा व्यवहार मुळापासून तपासायचा. कर्जदाराने रक्कम कबूल केली असली तरी तपासायचा. फेडीची पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला त्याच कायद्याने दिला. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केलं. सहीमागचा हिशेब तपासायचा असतो हे पुणे जिल्ह्यात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी ठरून गेलं आहे. ‘सही केली ना’ म्हणणारा माणूस व्यवहारी नाही. तो १८७९च्याही मागे उभा आहे.

आजचा कायदाही त्याच बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ताब्यातल्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ मुदत कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावा लागतो, तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा सगळं धरून वर्षाला खरा भार किती टक्के पडतो, हप्ते कसे आहेत, वसुली एजंटाविषयीचं कलम कोणतं, तक्रार कोणाकडे करायची आणि त्याचा फोन नंबर काय, हे त्यात असलं पाहिजे. कर्जाची मुदत सात दिवसांहून कमी नसेल तर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. या कागदात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. मग विचारायचं ते कर्जदाराला की कंपनीला? बाईने सही केली का, हा अर्धाच प्रश्न झाला. तिला तो कागद मराठीत दिला का, हा उरलेला अर्धा. त्याचं उत्तर देणं कंपनीचं काम आहे.

इथे लगेच दुसरा सूर येतो. बरं, कागद दिला नसेल, पण एवढी कर्जं घेतलीच कशाला? एकीचे चार-चार गट, चार-चार फायनान्स. हाव नाही तर काय?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहिलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जुलै २०२३मध्ये तिथे वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. जुन्नरचा शेतकरी करोडपती झाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत भाव असे कोसळले की तोडणीची मजुरी निघेना. या भागातल्या घराचं उत्पन्न असं लाटेने येतं आणि लाटेने जातं. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत तर हिरड्याचा हंगाम आणि भाताचा हंगाम सोडला तर रोख पैसा हाती लागण्याचे दिवस फार थोडे. अशा घरावर दर आठवड्याला हप्ता बसवला, तर एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसरीचं लोन काढावं लागणारच. त्याला हाव म्हणणं हा त्या बाईचा अपमान आहे.

आणि नियम काय सांगतो? रिझर्व्ह बँकेचा सूक्ष्म कर्जांचा नियम १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज त्यात येतं. त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि ते तपासायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. त्यासाठी त्याच्या हाती क्रेडिट ब्युरोचा अहवाल असतो. चौथी कंपनी पहिल्या तिघींचे हप्ते बघूनच पैसे देते. मग बेशिस्त कोणाची? त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती सेंटर मीटिंगमध्ये कोणी सांगत नाही. हप्ता आठवड्याचा की पंधरवड्याचा की महिन्याचा, याबाबत कर्जदाराच्या गरजेप्रमाणे सवलत देण्याचं धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने करायचं आहे. म्हणजे आठवड्याचा हप्ता ही काही दगडावरची रेघ नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा बाई तिथे आली नाही तरच घरी यायचं. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, नाव जाहीर करणं नाही. रात्री आठ वाजता दारात बसून ‘पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही’ म्हणणारा माणूस नियम मोडत असतो, मग थकबाकी कितीही खरी असो.

वाहनकर्जाचं थोडक्यात सांगतो. गुंड लावून वाहन ओढून नेणं ही कायदेशीर वसुली नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात बजावलेलं आहे.

आता ठेवीदाराचा मुद्दा. माझ्या मते विरोधकांचा हाच एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बेइमानी ठरेल. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव इथल्या पतसंस्थांत निवृत्त शिक्षकांची पुंजी आहे, मुंबईत माथाडी काम करून गावी पाठवलेले पैसे आहेत, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नाही. कर्ज परत आलं नाही तर बुडतो तो गावचाच माणूस. हे सगळं खरं आहे.

पण आपल्या राज्यात संस्था बुडाल्या त्या कशाने? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं सप्टेंबर २०१९मध्ये काय झालं ते आठवा. जवळपास सत्तर टक्के कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होतं आणि ते लपवायला एकवीस हजारांहून अधिक खोटी खाती उघडली होती. खिडकीवर उतारा मागणाऱ्या बाईमुळे ती बँक बुडाली नाही. हिशेब कोणी मागत नव्हतं आणि मागितला तरी देणारं कोणी नव्हतं, म्हणून बुडाली. जी संस्था चाळीस हजारांच्या कर्जदाराला स्वच्छ उतारा देते, तिच्या वह्या स्वच्छ असण्याची शक्यता जास्त. जी देत नाही, तिथे ठेवीदारानेही सावध व्हावं. कर्जदार आणि ठेवीदार यांना एकमेकांसमोर उभं करणारा युक्तिवाद खरं तर दोघांच्या मधे बसलेल्या संचालकाला वाचवतो.

पतसंस्थेच्या बाबतीत नुकसान कुठे होतं ते मी सांगतो, कारण त्यावर कोणी फारसं बोलत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात नाही, सहकार खात्याच्या आहे. वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे नियम तिला लागू पडत नाहीत. थकबाकी झाली की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम १०१ खाली निबंधकाकडे अर्ज करते. निबंधक कर्जदाराला आणि जामीनदाराला नोटीस काढतो, सुनावणी ठेवतो आणि नंतर वसुली दाखला देतो. तो दाखला एकदा निघाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते, जप्ती येते. गावात याला ‘एकशे एकची नोटीस’ म्हणतात, आणि ती आली की माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. घाबरून कोणाच्या तरी पाया पडतात किंवा नोटीस घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवतात. सुनावणीला जात नाहीत. दाखला एकतर्फी निघतो. मग जाग येते, पण आता त्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर आधी थकीत रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो निम्मी रक्कम कुठून भरणार?

म्हणून सगळी लढाई त्या पहिल्या सुनावणीत असते. तिथे जाऊन मंजुरीपत्राची प्रत, व्याजदराचा ठराव, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणि भरलेल्या पावत्यांची नोंद मागायची. सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी बघण्याचा हक्क याच अधिनियमाच्या कलम ३२ने दिलेला आहे. भरलेला हप्ता जमा दिसत नसेल, दंडाचं व्याज ठरल्याहून जास्त लावलं असेल, तर ते तिथेच लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. असं केल्याने खरं कर्ज एक रुपयानेही माफ होत नाही. चुकीचा आकडा तेवढा निघून जातो. संस्थेची वसुली यात बुडते कशी, हे मला कोणी समजावून द्यावं.

सावकारीबद्दल तर हक्कांची भाषा नको म्हणणाऱ्यांनी काही बोलूच नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. परवानाधारकालाही शेतीसाठीच्या तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, बिगरशेतीसाठी १५ आणि १८ टक्के एवढंच व्याज घेता येतं. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्याकडे मात्र बोली चालते ती ‘पाच टक्क्याने’, म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ. आणि तारण म्हणून थेट खरेदीखत: पैसे दिले की जमीन परत फिरवून देतो, असं तोंडी वचन. पुण्याजवळ म्हणून, महामार्ग म्हणून जमिनीचे भाव चढले, तसं हे वचन पाळायचं कारण सावकाराला उरलं नाही. याच कायद्याच्या कलम १८मध्ये अशा व्यवहारासाठी दार ठेवलं आहे. सावकारीच्या ओघात बळकावलेली जमीन पंधरा वर्षांच्या आत तक्रार केली तर चौकशी करून परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येतो. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ आहेतच. सरकारी परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीच्या नावावर जाऊच शकत नाही. इथेही सही होती. पण सही खरी असली तरी व्यवहार खोटा असू शकतो, हे कायद्याने मान्य केलं आहे.

शेवटचा आक्षेप ऐकायला सर्वांत समजूतदार वाटतो: सगळं तर ऑनलाइन आहे, लोकांनी साक्षर व्हावं. मी विचारतो, कशात साक्षर? एकाच घरात पतसंस्थेचं कर्ज आहे, फायनान्सचं आहे, सोसायटीतून जिल्हा बँकेचं पीककर्ज आहे आणि अडचणीला सावकार आहे. या कर्जांना लागणारे कायदे वेगवेगळे. सावकारी कायदा फायनान्स कंपनीला लावा म्हणून लोक मोर्चे काढतात. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये दिला. पतसंस्थेची तक्रार घेऊन रिझर्व्ह बँकेकडे गेलं तर ती परत येते. बँकेची तक्रार घेऊन निबंधकाकडे गेलं तर तीही परत येते. ही गुंतागुंत बाईच्या अडाणीपणाने झालेली नाही, ती व्यवस्थेने केली आहे. चुकीच्या दारातून परत फिरलेला माणूस पुन्हा दुसऱ्या दाराशी जात नाही, गप्प बसतो.

दारं मात्र आहेत आणि ती फुकट आहेत. बँक किंवा फायनान्स कंपनीकडे आधी लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. वकील लागत नाही, फी नाही, साध्या कागदावर लिहून टपालाने पाठवता येतं. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सेवेतल्या त्रुटीसाठी पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पण जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून पुण्याला एक तारीख गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. म्हणून जवळचं दार जास्त महत्त्वाचं. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. बाई असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. तिथल्या लोकअदालतीची नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. तडजोड पटली तरच सही करायची, कारण त्या तडजोडीवर अपील नाही.

आणि ‘सिबिल खराब करू’ ही धमकी. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेता येते. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४पासून आहे. घर, वाहन, शिक्षण अशा वैयक्तिक कर्जाची पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले नाहीत आणि चूक संस्थेची असेल, तर दिवसाला पाच हजार. हे आकडे ज्या खिडकीवर लागू होतात त्या खिडकीवर लिहिलेले मी कुठे पाहिले नाहीत.

म्हणून साक्षरतेची शिबिरं भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की शिबिर आधी खिडकीच्या आतल्या बाजूला भरवा. या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक पतसंस्थेने, बँकेने आणि फायनान्सच्या शाखेने आपल्याविरुद्धची तक्रार कोणत्या कार्यालयात करायची, किती दिवसांत करायची आणि तिथला नंबर काय, हे दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लावावं. उतारा मागितला की त्याच दिवशी द्यावा. सहायक निबंधकांनी एकशे एकच्या सुनावणीची नोटीस काढताना तिच्यासोबत एका पानावर लिहावं, की या दिवशी हजर राहून तुम्हाला हिशेब मागता येतो आणि नंतर दाद मागायची तर आधी अर्धी रक्कम भरावी लागते. महिन्यातून एकदा त्यांनी नारायणगाव, मंचर आणि घोडेगावला आठवडे बाजाराच्या दिवशी बसावं. यातल्या एकाही गोष्टीने ठेवीदाराचा एक रुपया कमी होत नाही. ज्यांना वाटतं की होतो, त्यांनी तो कोणत्या खात्यातून कमी होतो ते सर्वसाधारण सभेत वही उघडून दाखवावं.